अण्णांची मिठाची डबी

शेफ व्हायचंय म्हणून बारावी झालेली मुलं माझ्याकडे येतात. मी त्यांना आधी एवढंच विचारतो, घरी कुणाला रांधून वाढतोस का? बरीच मुलं गोंधळतात. त्यांना वाटतं मी कॉलेजचं विचारीन, पगाराचं विचारीन. पण मी हे का विचारतो, ते ऐका.

चौदा वर्षं मी मोठ्या हॉटेलांच्या किचनमध्ये काढली, आधी मुंबईत, मग आखातात. हाताला चव होती, आणि तिशीच्या आत सू शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या हाताखालचा दुसरा, झालो. पण शेवटची दोन वर्षं मन लागेना. केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, यायची, ताट जायचं, कोण जेवलं ते कळायचंच नाही. तेवढ्यात वडिलांना, म्हणजे अण्णांना, हृदयविकाराचा झटका आला आणि मी पंचवटीतल्या घरी परतलो.

डॉक्टर म्हणाले, मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत. म्हणजे सपाट एक छोटा चमचा, तोही सगळं धरून. लोणचं, पापड, शेव, फरसाण बंद. ज्या माणसाचा रविवार मिसळीशिवाय उजाडत नव्हता, त्याच्यासाठी हे किती अवघड, ते नाशिककरांना सांगायला नको. पहिल्या दिवशी मी आमटी-भात केला. अण्णांनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. "दवाखान्यातून आणलंस का रे?"

माझ्या हातचं ताट असं कधी परत आलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दिवसभराचं मीठ काट्यावर मोजून एका स्टीलच्या डबीत काढलं. डबी संपली की मीठ संपलं. मग एकेक उमगत गेलं. भाजी शिजताना घातलेलं मीठ आतपर्यंत मुरतं, आणि चव लागायला ते जास्त घालावं लागतं. तेच चिमूटभर ताटात वाढताना वरून भुरभुरवलं, तर जिभेला आधी तेच लागतं. आमटीला आमसूल जरा पुढे ठेवलं, लसूण चांगला तांबूस केला, कांदा-खोबरं काळपट होईस्तोवर भाजलं, तर मीठ कमी आहे हे पटकन जाणवत नाही. भाकरी तर अळणीच. आठवड्याभराने अण्णांनी वाटी पुढे केली, "आमटी आहे का अजून?" इतक्या वर्षांत कुणाच्या शाबासकीने मला एवढं बरं वाटलं नव्हतं. परत जायचं नाही, हे तेव्हाच ठरलं.

आता गंगापूर रोडला छोटं किचन आहे आणि हाताखाली शिकणारी पाच-सहा मुलं. त्यात पेठ तालुक्यातली एक मुलगी आहे. पहिला महिना ती बोललीच नाही, कारण बाकीच्यांना ज्युलियन, ब्रुन्वाज असले भाजी चिरण्याच्या पद्धतींचे शब्द यायचे आणि तिला नाही. एकदा नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी करायची होती. सगळ्यांच्या भाकऱ्या कडेने चिरल्या, तव्यावर टाकताना मोडल्या. तिने पिठावर उकळतं पाणी ओतलं, झाकण ठेवलं, आणि चटका बसतोय तोवरच तळहाताने रगडून मळलं. परातीत थापली, गोल, पातळ, एक भेग नाही. नागलीत ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या कणकेला धरून ठेवणारं चिकट प्रथिन, नसतं. उकळत्या पाण्याने पिठातलं स्टार्च फुगतं आणि तोच चिकटपणा भाकरी धरून ठेवतो. कारण मी सांगितलं, पण हात तिचा होता. मी म्हटलं, आता तू शिकव यांना. "मी, सर?" म्हणाली, आणि शिकवलं. ज्युलियन तिला पुढे पंधरा दिवसांत आलं.

तेव्हा नवीन मुलांनो, घरचं येतं ते लपवू नका. मार्ग बरेच आहेत. बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंटची प्रवेश परीक्षा देऊन पदवीला जाता येतं. आयटीआयमध्ये फूड प्रॉडक्शनचा एक वर्षाचा ट्रेड असतो. ऐपत नसेल तर कर्ज काढून महागड्या खासगी कॉलेजात जाऊ नका, हे मी पालकांनाही स्पष्ट सांगतो. सुरुवातीला कांदे सोलायचे, भांडी उचलायची, दहा-बारा तास उभं राहायचं. पहिल्या पगारातून न घसरणारे चांगले बूट घ्या, सुऱ्या नंतर. आणि एक कधी विसरू नका: शिजलेलं अन्न 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मध्ये रेंगाळू द्यायचं नाही. उरलेला भात पातेल्यात तसाच ठेवायचा नाही, उथळ ट्रेमध्ये पसरून लगेच गार करून फ्रिजमध्ये टाकायचा. यात मी कुणाचीही गय करत नाही.

गेल्या महिन्यात ती मुलगी आमच्या घरी आली. म्हणाली, "आज अण्णांचं जेवण मी करते." मी ओट्यापाशी गेलोच नाही. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, वर लसणाची फोडणी. अण्णा सावकाश जेवले, बोट चाटलं, आणि तिला विचारलं, "उद्या येशील का गं?"

रात्री ओटा आवरताना डबी उघडली. तळाशी मीठ शिल्लक होतं.