हा कुठल्या थरातला?

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी कच्छमध्ये जुमाऱ्याच्या नाल्यातून मी अकरा ॲमोनाइट, म्हणजे समुद्रातल्या नामशेष प्राण्यांची गुंडाळीसारखी दगड झालेली कवचं, गोळा केले. पाठीवरची पिशवी जड झाली होती आणि मी खूष होते. संध्याकाळी मुक्कामाच्या धर्मशाळेत ओट्यावर ते ओळीने मांडून सरांना बोलावलं. त्यांनी एकेक हातात घेतला, गुंडाळी पाहिली, कवचातल्या कप्प्यांच्या शिवणीच्या रेषा पाहिल्या आणि अकराही वेळा एकच प्रश्न विचारला, "आ कया बेडमांथी?" हा कुठल्या थरातला? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. वरून घरंगळत नाल्यात आलेलं जे दिसलं ते मी उचललं होतं. सर रागावले नाहीत. "उद्या यातल्या एकाचं घर शोध, मग त्याला नंबर दे," एवढंच म्हणाले.

दुसरा अख्खा दिवस त्यात गेला. नाल्याने वर चढत, प्रत्येक थर भिंगाखाली बघत, दुपारी एका तांबूस, टणक कडेपाशी पोचले. तिच्या ताज्या फुटीवर खसखशीसारखे गोल दाणे दिसत होते आणि माझ्या हातातल्या ॲमोनाइटच्या पोकळीतही तेच दाणे होते. तो धोसा ऊलाइटचा, म्हणजे अशा गोल दाण्यांच्या खडकाचा पट्टा, सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ. काही मीटर जाडीत तिथे फार मोठा काळ दाबून बसला आहे, कारण त्या वेळी गाळ जवळपास पडतच नव्हता. त्याच्या माथ्यावरच्या गोट्यांच्या थरात तर वेगवेगळ्या काळातले ॲमोनाइट एकत्र पडलेले आहेत. म्हणजे थर वीतभर जरी चुकला तरी निष्कर्ष चुकतो. अकरांपैकी त्या एकालाच नंबर मिळाला. उरलेले दहा आजही बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी डब्यात आहेत. ज्युनिअर मुलांना हाताळायला देते, पण प्रबंधात त्यांचा कुठेही उल्लेख नाही.

बडोद्यात भूशास्त्राला प्रवेश घेणारी मराठी मुलं मला भेटतात तेव्हा बहुतेकांच्या डोक्यात डायनासोर असतो. त्यात काही गैर नाही. रैयोली आपल्या गावापासून दोनअडीच तासांवर आहे. तिथे अंडी आहेत, हाडं आहेत, २००३ मध्ये नामकरण झालेला राजासॉरस तिथलाच. जरूर जाऊन या. पण मी त्यांना आधी धोळी डुंगरीची गोष्ट सांगते.

तेव्हाच्या पंचमहाल जिल्ह्यातल्या या गावाजवळ १९८४ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या धनंजय मोहबे यांना डायनासोरचं घरटं मिळालं. अंडी होती, आणि अंड्यांजवळ बारीक हाडं. ती सगळी हाडं पिल्लाचीच असावीत असं तेव्हा वाटलं आणि तसं छापूनही आलं. २००१ मध्ये अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ जेफ विल्सन यांनी तोच दगड पाहिला, तेव्हा त्यांना त्यात सापाच्या मणक्यांची जोडणी दिसली. पुढे दगड नीट साफ केल्यावर कळलं की सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला आहे आणि शेजारी अर्ध्या मीटरचं पिल्लू आहे. अजगरासारखा जबडा या सापाला उघडता येत नव्हता, म्हणून तो अंडी गिळत नसून पिल्लं खात असावा. २०१० मध्ये त्याचं नाव जाहीर झालं, सनाजेह इंडिकस.

मोहबे यांनी तो दगड फोडून हाडं वेगळी केली असती, तर आपल्याकडे थोडी अंडी, थोडे मणके आणि थोडी पिल्लाची हाडं उरली असती. कोण कोणाला खायला आलं होतं हे कायमचं गेलं असतं. ती सगळी गोष्ट हाडांच्या मधल्या जागेत होती. मला या विषयातलं सगळ्यात मोलाचं जे शिकायला मिळालं ते हेच, आणि नव्यांनी पहिल्या दिवसापासून त्याची सवय लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. हातोडी उचलण्याआधी वही उघडा. थराचं चित्र काढा, जाडी मोजा, जीवाश्म पालथा आहे की उताणा ते लिहा, शेजारी पट्टी ठेवून फोटो घ्या, आणि मग ठरवा की तो काढायलाच हवा का. पुष्कळदा नको असतो. काढलाच तर वर्तमानपत्रात गुंडाळण्याआधी व्हाइटनरचा ठिपका द्या, तो वाळू द्या आणि त्यावर काळ्या शाईने नंबर घाला. "मुक्कामी गेल्यावर घालू" असं म्हटलं की तिथेच घोळ होतो, कारण रात्री दिव्याखाली सगळे दगड सारखेच दिसतात.

त्या अकरा ॲमोनाइटांमुळेच मी बिळांकडे वळले. शिंपला लाटेने लोळत जातो, हाड नदीने वाहून जातं, पण बीळ कुठेही जात नाही. गाळात ते जिथे खोदलं गेलं तिथेच ते दगड होतं. कच्छच्या ज्युरासिक वाळूखडकांत अशी बिळं भरपूर आहेत. उन्हात ती दिसतही नाहीत. ब्रशने खडकावर पाणी फिरवायचं आणि थांबायचं. पाणी सुकत येतं तसा बिळातला भराव आणि भोवतीचा खडक वेगवेगळ्या वेगाने कोरडा होतो आणि क्षणभर इंग्रजी वाय अक्षरासारखे फाटे उठून दिसतात. ते थॅलॅसिनॉइडिस. झिंग्या-खेकड्यांच्या जातकुळीतल्या प्राण्यांचं हे काम. नाव बिळाचं असतं, प्राण्याचं नव्हे, कारण एकाच आकाराचं बीळ निरनिराळे प्राणी खोदू शकतात. नव्या मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो.

उभी, सरळ बिळं दाट असली की तळाची वाळू सतत हलत होती असं धरायला आधार मिळतो. आडवी, गाळ चाळत गेलेली असली तर पाणी बरंच शांत होतं. उलट बाजूनेही बघायला हवं. सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी प्राणी गाळात खोलवर शिरू लागले आणि तळाखाली ऑक्सिजन पोचू लागला. पृथ्वीने जीवांना घडवलं तसं त्या खोदणाऱ्यांनी समुद्रतळ बदलून टाकला. हे समजल्यापासून मला साधं बीळही साधं वाटत नाही.

आता व्यवहाराचं. बी.एस्सी.ला भूशास्त्राबरोबर रसायन किंवा प्राणिशास्त्र ठेवा. पुढे जॅम, नेट, गेट या परीक्षा आहेत, आणि सर्वेक्षणात जायचं असेल तर यूपीएससीची कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट. संशोधनासाठी लखनौची बिरबल साहनी संस्था, पुण्याची आघारकर संस्था, डेहराडूनची वाडिया संस्था यांची कामं आतापासून वाचत राहा. नोकरीची काळजी असेल तर फोरॅमिनिफेरा शिका. एकपेशी जीवांची ही बहुधा एक मिलिमीटरहून लहान कवचं, ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुतलेल्या गाळातून ओल्या ब्रशच्या एका केसाने उचलून काळ्या तबकात ठेवायची. मान दुखते, डोळे शिणतात. पण तेलाच्या विहिरीतून वर येणाऱ्या चुऱ्यात अख्खं हाड कधी मिळत नाही, ही कवचं मिळतात आणि थराचं वय सांगतात. अंकलेश्वरचं तेल १९६० मध्ये लागलं तेव्हापासून आपल्या भागात या कामाला किंमत आहे.

मुलींसाठी वेगळं सांगते. माझ्या बाबांना काळजी पगाराची नव्हती, मुक्कामाची होती. फील्डला जाण्याआधी राहायचं कुठे, स्वच्छतागृह आहे का, दिवसभर उघड्या माळावर काय सोय, हे गाइडना स्पष्ट विचारा. लाजू नका. मी पहिल्या वेळी विचारलं नाही आणि दिवसभर पाणी न पिता काढला. संध्याकाळी चक्कर आली. कच्छात हिवाळ्यातही हे धोक्याचं आहे.

आणि भुजपर्यंत गेलातच तर एक दिवस मांडवीसाठी ठेवा. ओहोटीची वेळ आधी बघून घ्या. ओल्या वाळूवर खेकड्याच्या बिळाशेजारी उकिडवं बसा आणि अर्धा तास हलू नका. तो बाहेर येतो, वाळूची गोळी करून बाजूला ठेवतो, पुन्हा आत जातो. वहीत बिळाचं तोंड, तिरकेपणा, गोळ्यांची रांग काढून घ्या. भरती आली की रांग पुसली जाईल. बीळ कदाचित राहील.