जूनमध्ये साव्होनलिन्ना: नागपूरहून कसं जायचं, किती राहायचं, काय बघायचं

फिनलंड म्हटलं की आपल्याकडचे बहुतेक लोक हेलसिंकी आणि वर सांताक्लॉजवालं रोव्हानिएमी एवढंच बुक करतात, आणि मधला सगळा तळ्यांचा मुलूख राहूनच जातो. माझं म्हणणं सरळ आहे, उन्हाळ्यात जाणार असाल तर रोव्हानिएमी सोडा आणि साव्होनलिन्नाला कमीत कमी तीन रात्री द्या. सायमा तळ्याच्या मधोमध बेटांवर वसलेलं छोटं गाव आहे, सकाळी जाऊन संध्याकाळी परत अशी घाई केली तर फक्त किल्ला होतो, बाकी काहीच होत नाही.

आधी तारखा. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटाकडे उघडतात, पुण्या-मुंबईवाल्यांची पोरं तोवर वर्गात बसलेली असतात, ह्याचा पुरेपूर फायदा घ्या आणि जून पकडा. जुलैत तिथे ऑपेरा फेस्टिव्हल असतो, 1912 मध्ये सुरू झालेला, थेट किल्ल्याच्या आत होतो, जगभरातून लोक येतात, म्हणून हॉटेलं महाग आणि आधीच भरलेली. ऑपेराची खरंच आवड असेल तर जुलैच घ्या, पण मग तिकीट आणि खोली दोन्ही खूप महिने आधी. बाकीच्यांना जून बरा. फक्त एक लक्षात ठेवा, 20 ते 26 जूनमधला जो शनिवार असतो तो त्यांचा युहान्नुस, म्हणजे मध्य-उन्हाळ्याचा सण, आदल्या शुक्रवारपासूनच दुकानं लवकर बंद होतात, बसेस कमी होतात, अर्धा देश तळ्याकाठच्या लाकडी घरांत जाऊन बसतो. तळ्याकाठी पेटवलेल्या मोठ्या होळ्या बघायला मिळतात ते छानच, पण किराणा गुरुवारीच भरून ठेवा.

व्हिसा शेंगेनचा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तर जूनसाठी फेब्रुवारी-मार्चमध्येच हात घाला, उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणं अवघड होतं. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा हवा, स्वस्तातला घेताना हा आकडा नीट बघून घ्या.

नागपूर-दिल्ली आणि मग दिल्ली-हेलसिंकी थेट विमान, हा सगळ्यात सोपा मार्ग. उतरल्यावर हेलसिंकी शहरात जायची गरजच नाही, एअरपोर्टवरून लोकल ट्रेनने तिक्कुरिला स्टेशनला या आणि तिथूनच पूर्वेकडची योएन्सूची गाडी पकडा. पारिक्कालाला उतरून समोर उभ्या असलेल्या एका छोट्या डब्याच्या गाडीत बसायचं, तिकीट शेवटपर्यंतचं एकच काढता येतं आणि लवकर काढलं तर बरंच स्वस्त पडतं. एकूण चार-साडेचार तास. शेवटचा तुकडा जागे राहून बघा, खिडकीच्या दोन्ही बाजूंना पाणी आणि पाइनची झाडं.

आता किल्ला. ओलाविनलिन्ना 1475 मध्ये स्वीडनच्या राजवटीत बांधायला घेतला, पूर्वेकडून रशियन येतील म्हणून. तो उभा आहे खडकाळ बेटावर, एका पुलावरून चालत जायचं, आणि त्या पुलावर दोन मिनिटं थांबून खाली बघाच. तळं असूनही पाणी नदीसारखं वाहतं, इथे सायमाचे दोन भाग अरुंद खाडीतून जोडले जातात म्हणून ओढ एवढी जोरदार असते, त्यामुळे कडक हिवाळ्यातही हा पट्टा सहसा गोठत नाही. शत्रूला बर्फावरून चालत यायला वाटच नाही, जागा निवडणाऱ्याची कमाल आहे! आतले जिने दगडी, अरुंद आणि उंच पायऱ्यांचे, आई-बाबा सोबत असतील आणि गुडघे दुखत असतील तर त्यांना अंगणात बसवून तुम्ही बुरुज करून या, जबरदस्ती करू नका.

किल्ल्यावरून पाण्याच्या कडेने चालत बाजारचौकात या. इथे दोन गोष्टी खायच्या. मुइक्कू म्हणजे बोटाएवढे मासे, राय (rye) ह्या धान्याच्या पिठात घोळवून लोण्यात कुरकुरीत तळतात, डोक्यापासून शेपटीपर्यंत काटा न काढता अख्खे खायचे, वरून लसणाचं सॉस. शाकाहारी मंडळींनी लोर्त्सी घ्यावं, आपल्या करंजीची मोठी चपटी बहीण समजा, त्यात सफरचंदाचं सारण असलेलं मागायचं कारण मांसाच्या खिम्याचंही असतं, आणि तेल एकच आहे का ते विचारून घ्या, इंग्रजी सगळ्यांना येतं. सावजी-तर्री खाणाऱ्याला बाकी जेवण फिकं वाटेल हे नक्की, म्हणून किचन असलेलं अपार्टमेंट घ्या आणि तिखट-मसाला, पोहे सोबत न्या.

दुसरा दिवस पुंकाहारयू. हिमयुगात वितळणाऱ्या बर्फाने रेती-गोटे आणून टाकले त्यातून झालेली 7 किलोमीटर लांबीची एक चिंचोळी टेकडी, काही ठिकाणी जेमतेम रस्त्याएवढी रुंद, दोन्हीकडे तळं. तीच छोटी गाडी लुस्तोला थांबते, तिथे फिनलंडच्या जंगलाचं म्युझियम आहे, ते बघून टेकडीवरून चालत जायचं. माझ्या मते अख्ख्या ट्रिपमधला हा सगळ्यात सुंदर दिवस, किल्ल्यापेक्षाही.

तिसऱ्या दिवशी गाडी भाड्याने मिळाली तर केरिमाकीचं चर्च करा, 1847 मध्ये पूर्ण झालेलं, जगातलं सगळ्यात मोठं लाकडी चर्च म्हणून ओळखलं जातं, तीन हजारांवर माणसं बसतात, आणि हे एका खेड्यात! हिवाळ्यात एवढी जागा गरम करणं अशक्य म्हणून शेजारी वेगळं छोटं चर्च आहे, मोठं उन्हाळ्यातच उघडतं. नाहीतर ओरावीहून बोटीने लिन्नानसारी नॅशनल पार्क. सायमाचा सील हा गोड्या पाण्यातला सील आहे, हिमयुगानंतर जमीन वर उचलली गेली आणि तो समुद्रापासून तुटून इथेच अडकला, जगात दुसरीकडे कुठेच नाही. 1980 च्या दशकात दोनशेच्याही आत उरले होते, वसंतात मासेमारीच्या जाळ्यांवर बंधनं आणली, आता चारशेच्या वर गेलेत. मे ते जूनची सुरुवात ह्या काळात ते खडकांवर ऊन खात पडतात, म्हणून त्यांच्यासाठी जायचं तर जूनचा पहिला आठवडाच. दिसला तर बोट जवळ न्यायला सांगू नका, घाबरून पाण्यात जातो.

सामानात जाडसर जॅकेट हवंच, नागपुरात 45 असतं तेव्हा तिथे दुपारी 20 आणि रात्री 10 च्या आसपास. डास भरपूर, मलम न्या. सूर्यच रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास मावळतो आणि नंतरही पूर्ण अंधार होत नाही, पोरं झोपत नाहीत, डोळ्यांवरच्या पट्ट्या न्या. सौना, म्हणजे गरम वाफेची लाकडी खोली, बुक करताना बायका-पुरुषांची वेळ वेगळी आहे की एकत्र, ते आधी विचारा, आणि सौनातून थेट तळ्यात उडी मारायची असेल तर शिडी असलेल्या धक्क्यावरूनच उतरा, जूनमधलं पाणी अजून चांगलंच गार असतं.