पूर ओसरल्यावर घर पुन्हा मांडून देताना

कोल्हापूर-सांगलीत २०१९ मध्ये आणि चिपळूण-महाडला २०२१ मध्ये घराघरांत पाणी शिरलं. अशा वेळी धान्य आणि कपडे लवकर पोहोचतात, खाट-गादी-कपाटाकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. मग म्हातारी माणसं, लेकरं ओल्या फरशीवरच झोपतात. हे काम हाती घेणाऱ्या मंडळांसाठी, गटांसाठी ही माहिती.

आधी घरी जाऊन काय वाचलंय ते बघा. पंचनामा झाला नसेल तर कुठलीही वस्तू टाकायच्या आधी तिचे फोटो काढायला सांगा.

लोखंडी कपाट बहुतेक वेळा वाचतं. गाळ वाळण्याआधी ते स्वच्छ पाण्याने धुवा, कप्पे काढून दारं उघडी ठेवा, कुलपात आणि बिजागऱ्यांत तेल सोडा. गंज ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून रेड ऑक्साइड (गंज रोखणारा तांबडा प्रायमर) लावा आणि तो पूर्ण वाळल्यावरच ऑइलपेंट मारा. सागवानी वस्तू सावलीत, वाऱ्यावर वाळवा, कडक उन्हात ती तडकते. फुगलेला ड्रॉवर ओढू नका, पुढची फळी निघून हातात येते. मागची प्लाय काढून आतून ढकला. पार्टिकल बोर्डाचं फर्निचर मात्र गेलंच समजा: फुगलेल्या बोर्डात स्क्रू धरत नाही. गाद्या, उशा कितीही वाळवल्या तरी परत वापरायला देऊ नका, त्यांत गटाराचं पाणी गेलेलं असतं.

नवीन सामान आणायची घाई करू नका. भिंतीवर फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून बसवा. दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे. अशा भिंतीला प्लायचं कपाट टेकवलं की मागून बुरशी चढते.

थांबू नये ते फक्त खाटेसाठी. ६ बाय ३ फुटांची, बोल्टने सुटी होणारी लोखंडी खाट घ्या, वेल्डिंग केलेली अखंड नको. पुढच्या वेळी पाणी चढायला लागलं की दोन माणसांना ती खोलून माळ्यावर टाकता आली पाहिजे, आणि नदीकाठच्या घराला सामान देताना हाच विचार सगळ्यात आधी हवा. जमिनीपासून १८ इंच उंची असली की खाली ट्रंक मावते. वर १२ मिमीची बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणारी) प्लाय टाकणार असाल तर खाली निदान तीन आडवे अँगल हवेत, नाहीतर मधे झोळ पडतो.

कुणी जुनी खाट देत असेल तर सांधे आणि बोल्टची भोकं टॉर्च लावून तपासा. काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत. लोखंडी खाटेच्या सांध्यांत उकळतं पाणी ओता, आठवड्याने पुन्हा ओता, कारण अंडी मागे राहतात. लाकडाखाली भुसा पडत असेल तर ते घेऊच नका.

उंच कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, खाली विटा देऊन उभं करा. भिंत वाळल्यावर वरून दोन एल-पट्ट्यांनी ते भिंतीला पक्कं करा. लहान मूल खालच्या कप्प्यावर चढलं तर कपाट अंगावर येतं.

टेम्पोत कपाट पाठीवर आडवं ठेवा, दारांवर नको. खाटेचे बोल्ट पिशवीत घालून खाटेलाच बांधा. ८ मिमीचे बोल्ट असतील तर १३ नंबरचा पानाही सोबत द्या आणि तो त्यांच्याकडेच राहू द्या.