खिडकीची काच खोटी का दिसते? या चुका टाळा

इमारतींची थ्रीडी रेंडर, म्हणजे संगणकावर मॉडेलवरून काढलेली फोटोसारखी चित्रं, हे माझं काम. आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं, "सर, तुमच्या काचेचं मटेरिअल पाठवता का?" मी पाठवतो. त्यात, म्हणजे वस्तूचं रूप ठरवणाऱ्या या सेटिंग्जमध्ये, असतं काय? रंग पांढरा, रफनेस (खडबडीतपणा) शून्य, आयओआर (अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो ते) 1.52. संपलं. दोन दिवसांनी तक्रार येते, "सर, माझ्याकडे तसं दिसत नाही." कसं दिसेल? काचेला स्वतःचं रूप जवळजवळ नसतंच. तिच्यात समोरचं काय उमटतंय आणि तिच्या पलीकडे काय ठेवलंय, यावर सगळा खेळ. ते सोडून मंडळी तासन्‌तास स्लायडर ओढत बसतात.

जाडी नसलेली काच

या चुकीवर माझा विशेष राग आहे, कारण तिने माझ्या तीन रात्री खाल्ल्या आहेत.

आठ मजली ऑफिस इमारतीचं काम होतं. मॉडेल आर्किटेक्टकडून आलेलं, काचा म्हणजे नुसते एकेरी प्लेन, जाडी नसलेले सपाट पृष्ठभाग. मी त्यांवर काच चढवली, रेंडर लावला आणि घरी गेलो. सकाळी पाहतो तर निम्म्या खिडक्या बऱ्या, उरलेल्या चक्क आरसे. आतला दिवा नाही, पडदा नाही, काही दिसेना. मला वाटलं, उजेडाचा घोळ आहे. मग सूर्य फिरवला, खोल्यांत दिवे वाढवले, एचडीआरआय (आकाश-परिसराचा उजेड देणारं चित्र) बदलला. चौथ्या दिवशी नुकत्याच लागलेल्या पोराने मागून येऊन फेस ओरिएंटेशन (उलटे पृष्ठभाग लाल दाखवणारी सोय) चालू केलं, आणि अर्धी इमारत लालभडक झाली. नॉर्मल, म्हणजे पृष्ठभागाची बाहेरची बाजू कुठली ते सांगणाऱ्या दिशा, उलटे! तो काही बोलला नाही. मीही चहा प्यायला निघून गेलो.

झालं होतं असं: नॉर्मल उलटा असला की किरण काचेत शिरण्याऐवजी काचेतून बाहेर पडतोय, असं रेंडर इंजिन (चित्र काढणारा प्रोग्राम) धरतं. मग साधारण 41 अंशांपेक्षा तिरपा येणारा प्रत्येक किरण पूर्ण परावर्तित होतो. रस्त्यावरून वर बघणाऱ्या कॅमेऱ्याला बहुतेक काचा तिरप्याच दिसतात, म्हणून आरसे.

आणि ज्या खिडक्या मला बऱ्या वाटत होत्या, त्याही चुकलेल्याच होत्या. एकेरी प्लेनमधून किरण काचेत शिरतो, पण बाहेर पडायला दुसरी बाजूच नसते. म्हणजे अख्खी खोली काचेच्या ठोकळ्यात भरल्यासारखी. पाण्याचा हौद जसा असतो त्याहून उथळ वाटतो, तसंच इथे होतं. समोरून पाहिलं तर 3 मीटर खोल असलेल्या खोलीची मागची भिंत 2 मीटरवर आल्यासारखी दिसते. पाहणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण चित्र पटत नाही.

माझी सवय सांगतो. बाहेरून मॉडेल आलं की त्यातल्या काचा मी आधी उडवतो आणि स्वतःच्या टाकतो: 6 मिलिमीटर जाडीचा बंद ठोकळा, चारही बाजूंनी चौकटीत सेंटीमीटरभर घुसवलेला. कडेला कडा लावून ठेवलीत की फट तरी दिसते नाहीतर चट्टेपट्टे तरी उमटतात. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सॉलिडिफाय (प्लेनला जाडी देणारं साधन) वापरणार असाल तर आधी स्केल अप्लाय करा, म्हणजे वस्तूचं माप पक्कं करा. काही इंजिनांत 'थिन'चा, म्हणजे काच जाडीशिवाय धरण्याचा, पर्याय असतो. लांबच्या इमारतींना तो पुरेसा आहे, पण जवळच्या खिडकीला मी लावत नाही. दुहेरी काच हवी असेल तर दोन वेगळे ठोकळे आणि मध्ये हवा. 24 मिलिमीटरची एकच लादी ठोकून "डबल ग्लेझिंग केलं" म्हणणारे भेटतात, त्यांना काय बोलावं?

याच्याच पोटातली एक चूक: किरणांची मर्यादा, म्हणजे एक किरण किती पृष्ठभाग पार करू शकतो ते. दुहेरी काचेला चार पृष्ठभाग. खोलीच्या मागच्या भिंतीलाही तशीच खिडकी असली तर आठ. वेळ वाचवायला मर्यादा चारवर आणलीत की मागची खिडकी काळी पडणार.

सगळ्या काचा एका रेषेत

दुसरी चूक बारीक आहे, पण रेंडर आणि फोटो यांतला फरक बहुतेक वेळा इथेच कळतो. कुठल्याही काचेच्या इमारतीचा फोटो काढून बघा. समोरचं झाड तिच्यात सलग उमटत नाही. या काचेत फांदी जरा वर, शेजारच्या काचेत खाली, तिसऱ्यात पोट आल्यासारखी फुगलेली. कारण बसवताना प्रत्येक काच किंचित वेगळ्या कोनात बसते, टफन करताना रोलरवर तिला हलकी लाट येते, आणि बंद दुहेरी काच आतल्या हवेच्या दाबाने फुगते नाहीतर आत ओढली जाते. रेंडरमध्ये मात्र दोनशे काचा गणिती अचूकतेने एका प्रतलात, आणि त्यांवर पसरलेला एकच अखंड ढग. पोस्टर चिकटवल्यासारखा.

उपाय पाच मिनिटांचा आहे. प्रत्येक काच वेगळी ठेवा आणि तिला पाव अंशापर्यंत रँडम फिरवा. पाव अंश म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण काच फिरते त्याच्या दुप्पट प्रतिबिंब फिरतं. 50 मीटरवरचं झाड जवळजवळ अर्धा मीटर सरकतं. नवशिक्यांना हे सांगितलं की ते दोन अंश फिरवतात. मग इमारत भूकंपातून वाचल्यासारखी दिसते. लाटेसाठी बंप (पृष्ठभाग उंचसखल भासवणारी सेटिंग) लावायचा तर एका काचेत एखाददुसरी लाट पुरे. बारीक नॉइज टाकलात की काचेचं तळं होतं.

आणि उमटायला समोर काहीतरी हवं ना! कॅमेऱ्याच्या मागे रिकामं मैदान ठेवून "काच निर्जीव दिसते" म्हणून रडू नका. कॅमेऱ्यामागे चार झाडं आणि दोन ओबडधोबड इमारती उभ्या करा.

परावर्तन हाताने वाढवणं

साध्या काचेच्या एका पृष्ठभागावरून समोरून साधारण 4 टक्के प्रकाश परततो, म्हणजे अख्ख्या काचेवरून 8 टक्क्यांच्या आसपास. 80 अंशांच्या तिरप्या नजरेला एकेक पृष्ठभागच 39 टक्के परतवतो. फ्रेनेल, म्हणजे नजरेच्या कोनानुसार परावर्तन ठरवणारं गणित, हे सगळं आपोआप करतं. ते बंद करून 50 टक्के आरसा लावण्याचा शॉर्टकट कुणी शिकवला असेल तर विसरा.

"पण दिवसा खिडकी आरशासारखीच दिसते की!" दिसते, कारण बाहेर ढगाळ हवेतही 10,000 लक्स (उजेडाचं माप) सहज असतात आणि खोलीत 300 ते 500. त्या आठ टक्क्यांपुढेही आतला उजेड फिका पडतो. म्हणजे सुधारायचा असतो तो उजेड. रात्रीच्या दृश्यात बाजू उलटते, आतलं सगळं दिसू लागतं, आणि रिकामी खोली उघडी पडते. पडदे, अर्धवट ओढलेल्या ब्लाइंड्स, एखादं कपाट टाका. सगळे पडदे एकाच उंचीवर नकोत.

बाकीच्या, थोडक्यात

हिरवा रंग अख्ख्या काचेला देऊ नका. साध्या काचेतल्या लोहामुळे येणारा हिरवा मुख्यतः कडेला दिसतो.

आत ऊन येत नाही म्हणून काच डिलीट करणं: इंटिरिअरमध्ये, काच फ्रेममध्ये येत नसेल तर मीही करतो. येत असेल तर सावलीच्या किरणांपुरती ती पारदर्शक करा. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनात लाइट पाथ नोडने होतं.

पाचव्या मजल्यावर बोटांचे ठसे नकोत. तिथे हात कुणाचा पोचतो? मळ खालच्या कडेला आणि कोपऱ्यांत, तोही तिरप्या उन्हातच दिसेल इतका.

सॅम्पल (दर पिक्सेलला सोडलेले किरण) कमी ठेवून डिनॉइजरवर, म्हणजे चित्रातले दाणे पुसणाऱ्या साधनावर, भिस्त ठेवलीत तर प्रतिबिंबातली पानं आधी पुसली जातात. काचेपुरता रीजन रेंडर जास्त सॅम्पलवर काढा आणि वर बसवा. मी अजूनही तसंच करतो.