आयर्लंडला नवीन आलात? आधी गावाचं नाव नीट म्हणायला शिका

भाडं, पीपीएस नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक), आयआरपी कार्ड (इथे राहायच्या परवान्याचं), बँक अकाउंट ही कामं तुम्ही कराल, ती केल्याशिवाय सुटकाच नाही आणि एकदा झाली की झाली. मला सांगायचंय ते वेगळं आहे. मी २०१० ला सांगलीहून इथे आले, त्या डिसेंबरात अख्खा देश बर्फाने गोठला होता, आणि पहिली दोन वर्षं मी ऑफिस, घर आणि इंडियन दुकान एवढ्यातच काढली. ती दोन वर्षं वाया गेली असं मला अजून वाटतं, तुमची जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात आधी रस्त्यावरच्या पाट्या वाचायला लागा. वर तिरक्या अक्षरात आयरिश, खाली इंग्लिश. इंग्लिश नावाला बऱ्याचदा काही अर्थच नसतो, कारण इंग्रजांनी कागदोपत्री आणि नकाशांवर ही नावं कानाला जशी ऐकू आली तशी उतरवली, अर्थ सगळा वरच्या ओळीत राहिला. बॅली म्हणजे आपलं गाव किंवा वाडी. किल म्हणजे बहुतेकदा जुनं चर्च, कधीकधी रान. नॉक म्हणजे टेकडी, डन म्हणजे गढी, इनिश म्हणजे बेट. डब्लिन हे मूळ डुव लिन, म्हणजे काळा डोह. पॉडल नावाची छोटी नदी लिफी या डब्लिनच्या मोठ्या नदीला मिळायची तिथला हा डोह, आज ती नदी शहराच्या खालून वाहते आणि डोहाच्या जागेवर डब्लिन कॅसलमागची बाग आहे, एकदा जाऊन उभे राहून या. गंमत म्हणजे पाटीवर आयरिशमध्ये डुव लिन नसतंच, तिथे दुसरंच लांबलचक नाव असतं, त्याचा अर्थ कुडाचे तट्टे टाकून केलेल्या उताराचं गाव. नदी पायी ओलांडायची जागा. आपल्याकडे नाही का, कुठलंही गाव घ्या, नावात नदी नाहीतर झाड नाहीतर देव सापडतोच, तसंच इथे.

मी किलडेअर काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात राहते. किल दारा, ओकच्या झाडाचं चर्च. सेंट ब्रिजिट या आयरिश संत बाईने मठ काढला तो इथेच, आणि २०२३ पासून फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिच्या नावाची सरकारी सुट्टीही मिळते. शाळेत पोरं लव्हाळ्याचा क्रॉस विणतात आणि तो दाराच्या वर लावतात, तुमच्या मुलांनी आणला तर तुम्हीही लावा, शेजाऱ्यांना बरं वाटतं.

लगेच कामाला येणाऱ्या दोन गोष्टी. बसवर अन लॉर लिहिलं असेल तर ती सिटी सेंटरला जाते. आणि पबमध्ये टॉयलेटच्या दारावर एम, एन, ए अशी तीन अक्षरं असतील तर ते बायकांचं आहे, पुरुषांचं एफ, आय, आर. घाईत उलटं होतं.

माणसांच्या नावांचं पण तसंच. बीएच किंवा एमएच दिसलं की बहुतेक वेळा तिथे व म्हणायचा. म्हणून Niamh ही नीव, Siobhán ही शिवॉन. ईफा या बायकांच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये ए, ओ, आय एका ओळीत येतात, घाबरू नका, एकदा सरळ विचारा आणि देवनागरीत लिहून ठेवा, मी तेच करायचे, आपली लिपी यासाठी फार सोयीची आहे. तुम्ही त्यांचं नाव नीट घेतलंत की तेही तुमचं नीट घ्यायला बघतात.

बटाट्यावरून विनोद करू नका. खरंच नका करू. १८४५ ला बटाट्यावर रोग पडला आणि पुढची काही वर्षं लोक उपाशी मेले, तेव्हा इथलं धान्य बोटींतून इंग्लंडला जातच होतं. साधारण दहा लाख माणसं मेली आणि जवळपास तेवढीच देश सोडून गेली. त्याआधी या बेटावर ऐंशी लाखांच्या वर लोक होते, आजही तो आकडा परत गाठलेला नाही. डब्लिनला कस्टम हाऊसच्या जवळ लिफीच्या काठावर त्या माणसांचे पुतळे आहेत, हाडांवर कातडं राहिलेले, छातीशी गाठोडं धरून बंदराकडे चाललेले. ते बघितले की इथली माणसं आपल्याला "घरी कधी जाणार" हे इतक्या मायेने का विचारतात ते कळतं, त्यांच्या प्रत्येक घरातलं कोणीतरी असंच गेलेलं असतं.

एक कडक सूचना. बेलफास्टला जाताना रस्त्यात बॉर्डर दिसत नाही, फक्त पाट्या किलोमीटरवरून मैलांवर जातात, पण बेलफास्ट उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे यूकेत आहे आणि इंडियन पासपोर्टवर यूकेचा व्हिसा लागतोच. इथलं आयआरपी कार्ड तिथे चालत नाही. व्हिसा काढून जायंट्स कॉजवे मात्र नक्की बघा, चाळीस हजारांच्या आसपास बसाल्टचे खांब, मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिलवर असेच खांब आहेत, त्यांची ही धाकटी भावंडं.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. शेजारी कोणी वारलं तर जा. आपल्याला संकोच वाटतो, ओळख नाही, काय बोलायचं, पण इथे न जाणं लक्षात राहतं. खबर आरआयपी डॉट आयई या वेबसाइटवर येते, त्यात "हाऊस प्रायव्हेट" लिहिलं असेल तर घरी न जाता थेट चर्चला जायचं. नसेल तर आदल्या संध्याकाळी घरी जायचं. आमच्या शेजारच्या आजी गेल्या तेव्हा मी पहिल्यांदा गेले. पुढच्या खोलीत उघडी शवपेटी, हातात जपमाळ गुंडाळलेली, भिंतीला लागून घरचे बसलेले. ओळीने प्रत्येकाशी हात मिळवायचा, "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणायचं, एवढंच, जास्त काही कोणी अपेक्षा करत नाही. मग स्वयंपाकघरात चहा. तिथे शेजारणी सँडविचं कापत होत्या, कोणी केक आणलेला, कोणी घरचे जास्तीचे कप आणलेले. सांगलीला मयतीच्या घरी चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात येतो, मला ते आठवलं आणि मी बाही वर करून कप विसळायला उभी राहिले, कोणी काही विचारलं नाही, एकीने हातात कोरडा टॉवेल दिला.

महिन्याने गेलेल्या माणसासाठी चर्चमध्ये मास, म्हणजे प्रार्थना असते, त्याला मंथ्स माइंड म्हणतात. त्यालाही जा, नंतर बहुतेक चहा असतोच.