परदेशातल्या दफ्तरखान्यांसाठी अनुदान कसे मिळवावे

वेंगुर्ल्याच्या वखारीचे डच कागद हेगला, राजापूरच्या इंग्रजांचे लंडनला, वसई-चौलची कितीतरी पत्रे लिस्बनला. कोकणचा सतराव्या-अठराव्या शतकांचा इतिहास लिहिणाऱ्याला कधीतरी तिकडे जावे लागते. पीएचडी करणाऱ्यांना आणि नव्याने लागलेल्या प्राध्यापकांना त्यासाठी पैसे मिळू शकतात. मात्र विषय किती मोठा आहे यापेक्षा कुठला कागद पाहायचा आणि तो इथे का मिळत नाही, हेच अनुदान देणाऱ्या समितीला आधी कळायला हवे.

म्हणून सुरुवात पणजीच्या पुराभिलेखागारापासून. गोव्याचा व्हाइसरॉय आणि पोर्तुगालचा राजा यांच्यातल्या पत्रव्यवहाराचे ‘मोंसोंइश’ खंड बहुतांशी तिथेच आहेत. सावंतवाडीहून दोन तासांवरचे दफ्तर न चाळता लिस्बनचे तिकीट मागितले, तर अर्ज तिथेच पडतो. मग घरबसल्या इंटरनेटवर शोधा. हेगमधल्या डच कंपनीच्या कागदांचा आणि लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो या राष्ट्रीय दफ्तरखान्यातल्या दफ्तरांचा मोठा भाग फुकट पाहता येतो. छापील साधनेही तपासा. 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरची वखार लुटली, त्यानंतर इंग्रज वर्षानुवर्षे भरपाई मागत राहिले. विषय फर्मास, पण त्यातली पुष्कळ पत्रे 1931 सालीच पुण्यात छापून निघाली आहेत.

या चाळणीतून जे उरेल त्याची यादी करा: दफ्तराचे नाव, खंड क्रमांक, वर्षे, पानांचा अंदाज. अर्जाचा जीव या यादीत असतो.

दिवसही तिच्यावरूनच काढा. समजा 300 फोलिओंचे 12 खंड आहेत. फोलिओ म्हणजे एक पान, त्याला दोन बाजू, म्हणजे 7,200 फोटो. एका फोटोला 20 सेकंद धरले तर पाच तासांत 900 होतात, म्हणजे आठ दिवस. वाचकपत्र (दफ्तरखान्यात बसण्याचा परवाना) काढायला एक, सूच्या पाहायला एक, अचानक सापडणाऱ्या कागदांना दोन. झाले बारा. शनिवार-रविवार धरून मुक्काम साधारण सोळा दिवसांचा. ‘दोन महिने’ असे मोघम लिहिणाऱ्यापेक्षा हा हिशेब समितीला पटतो. फोटो काढू देतात का, दिवसाला किती खंड देतात, सुट्ट्या कधी, हे ईमेलने विचारून ते उत्तर अर्जाला जोडा. सतराव्या शतकातले पोर्तुगीज हस्ताक्षर वाचता येत नसेल तर ते आधी शिका. तिथे जाऊन अक्षरे लावत बसलात तर अनुदानाचे दिवस त्यातच जातात.

पैसे कुठे मागायचे? साधने गोळा करायला परदेशी जाण्यासाठी भारतीय इतिहास अनुसंधान परिषद अनुदान देते. फक्त ब्रिटनसाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट आहे. भारतात पीएचडी करणाऱ्यांना इनलॅक्स प्रतिष्ठानचे प्रवास अनुदान आहे. पोर्तुगालसाठी फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज प्रतिष्ठानाकडे चौकशी करा, त्यांचे कार्यालय पणजीतच आहे. एकाच खर्चासाठी दोघांकडून पैसे घेऊ नका. विमानभाडे एकाकडून आणि मुक्काम दुसऱ्याकडून असे करायचे असेल तर दोन्ही अर्जांत तसे उघड लिहा.

महाविद्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र सगळ्यात आधी मागा. प्राचार्य, संस्था आणि पुढची कचेरी अशी त्याची वारी असते, आणि मध्येच गणपती आले की फाईल आठवडाभर हलत नाही. हेग-लिस्बनसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो, शेवटची मर्यादा पंधरा दिवस. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावे लागले तर येण्याजाण्याचा आणि एका रात्रीचा खर्च अंदाजपत्रकात घाला. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या हळू धावतात, तेव्हा सकाळची वेळ असेल तर आदल्या दिवशीच पोहोचा.

मंजुरीपत्र हाती येण्याआधी तिकीट काढू नका, ते पैसे बहुधा परत मिळत नाहीत. सरकारी अनुदानात तिकीट कुठल्या एजंटाकडून काढायचे याचेही नियम असू शकतात. शिवाय काही रक्कम परत आल्यावरच मिळते, म्हणून तेवढे पैसे हाताशी ठेवा. बोर्डिंग पास आणि राहण्याच्या पावत्या रोज रात्री मोबाइलवर टिपा. थर्मल कागदावरची शाई उडते, आणि उपयोगिता प्रमाणपत्राच्या, म्हणजे खर्चाचा हिशेब देण्याच्या, वेळी कोरा कागद कोणी स्वीकारत नाही.