बसवरच्या मावशींनो, शहर बदलण्याआधी हा हिशेब करा

नाशिकरोडहून हडपसरला आले तेव्हा स्कूलबसवरचा माझा पगार 8,000 वरून 11,000 झाला. केवढा आनंद! पण खोलीभाडं 2,500 चं 5,500 झालं. वाढलेले 3,000 तिथेच संपले.

म्हणून आकडा ऐकला की आधी भाडं वजा करा. मग जाणंयेणं. पहाटे पाचला बस मिळाली नाही तर रिक्षा, आणि ती रोजची.

सगळ्यात महत्त्वाचं, उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या महिन्यांचा पगार देणार का, तोंडावर विचारा, लाजू नका. वर्षात दहाच महिन्यांचा पगार मिळाला तर 11,000 चे महिन्याला 9,166 च पडतात.

किमान वेतन परिमंडळानुसार, म्हणजे सरकारने पाडलेल्या भागांनुसार ठरतं, त्यावरचा विशेष भत्ता (महागाईचा) जानेवारी-जुलैत बदलतो. कामगार कार्यालयात आपल्या परिमंडळाचा तक्ता मागा, मगच हो म्हणा.